मारुती ८०० आणि टियागो ईव्ही : छोट्या गाडीचा मोठा हिशेब

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय आम्ही निवडला असं नाही म्हणता येणार. तो एका गॅरेजमध्ये आमच्या हातात पडला. आम्ही तंत्रनिकेतनात शिकवणारी काही माणसं. आमच्यातल्या एकाकडे अजून जुनी मारुती ८०० आहे, आणि ती ज्या मेस्त्रींकडे जाते ते गेली तीस-पस्तीस वर्षं याच गाड्यांवर घर चालवत आलेत. गेल्या पावसाळ्यात गाडी घ्यायला गेलो, तर शेजारच्या गाळ्यासमोर हिरव्या पाटीची इलेक्ट्रिक गाडी उभी होती. मेस्त्री तिच्याकडे बघून म्हणाले, "सर, तुम्ही पोरांना शिकवता. मला एक सांगा, ही गाडी माझ्या हाताखाली कधी येणार? का येणारच नाही?"

खरं सांगतो, तिथल्या तिथे आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही नीट बसून दोन्ही गाड्यांचा हिशेब मांडला. तोच आज तुमच्यापुढे ठेवणार आहोत. मेस्त्रीही आज आलेत, मागच्या रांगेत बसलेत. तेव्हा आम्ही जरा जपूनच बोलू! (हशा)

एका बाजूला मारुती ८००, दुसऱ्या बाजूला टाटांची टियागो ईव्ही. या दोनच का? कारण दोन्ही आपापल्या काळातल्या 'पहिली गाडी घेऊ या का?' असं म्हणणाऱ्या घराच्या गाड्या आहेत. लाखो-करोडोंच्या परदेशी इलेक्ट्रिक गाड्यांशी ८०० ची तुलना करण्यात मजा असेल, पण त्यातून आपल्या घरचा निर्णय होत नाही.

आधी थोडा इतिहास

१९८० च्या सुमाराला आपल्याकडे गाडी म्हणजे मुख्यतः दोन नावं. एक अ‍ॅम्बॅसडर, दुसरी कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. दोन्हींचे मूळ आराखडे पन्नाशीच्या दशकातले, इंग्लंड-इटलीतले. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची.

मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ साली स्थापन झाली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली. किल्ली दिली ती तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधींनी. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. १९८६ मध्ये तिचं रूप बदललं. आपल्या डोळ्यांसमोर जी ८०० येते, ती बहुधा हीच दुसरी. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

पण आपल्याकडे ती त्याआधीच दिसेनाशी व्हायला लागली होती. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत भारत स्टेज ४ हे धुराचे नियम लागू झाले, आणि त्या शहरांत नवी ८०० विकणं बंद झालं. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. म्हणजे ही गाडी लोकांना नकोशी झाली म्हणून गेली असं नाही. ती धुराच्या परीक्षेत अडकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इलेक्ट्रिक गाडीही आपल्याकडे काल-परवाची नाही. बंगळूरूची रेवा २००१ साली आली. शिशाच्या बॅटऱ्या, दोन मोठी माणसं आणि मागे जेमतेम दोन मुलं, एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटरच्या आसपास. ती फार चालली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही आली तेव्हा सुरुवातीची किंमत ८ लाख ४९ हजार होती. बॅटरीचे दोन पर्याय होते, १९.२ युनिटची आणि २४ युनिटची. आज आपण २४ युनिटवाली धरू.

'युनिट' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. पुस्तकात किलोवॉट-तास लिहितात. पण आपल्या वीजबिलावर जे युनिट येतं, तेच हे. एक हजार वॉटचा गीझर तासभर चालला की एक युनिट.

कार्ब्युरेटर आणि मोटर

टेबलावर एक वस्तू ठेवलीय. व्याख्यान झाल्यावर हातात घेऊन बघा. हा जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर.

८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती. त्यात पेट्रोल जाळायचं म्हणजे आधी ते हवेत बारीक मिसळायला हवं. इस्त्रीवाल्याकडचा पाण्याचा फवारा आठवा. हवा जोरात गेली की नळीतून पाणी वर खेचलं जातं आणि त्याचे तुषार होतात. कार्ब्युरेटरचं तत्त्व हेच. ही इथे मधे अरुंद झालेली नळी आहे. हवा इथून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि या बारीक भोकातून, ज्याला जेट म्हणतात, पेट्रोल खेचलं जातं. हा बाजूचा फ्लोट, आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसाच. पेट्रोलची पातळी राखतो. आणि हा चोक. थंडीत सकाळी हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून तो ओढायचा.

यात ना सेन्सर, ना संगणक. म्हणूनच मेस्त्री नुसतं ऐकून सांगायचे, 'जेटमध्ये कचरा आहे', 'पॉइंट साफ करा'. एक पेचकस, एक पॉलिश पेपर आणि कान, एवढ्या सामग्रीवर निम्मे आजार बरे व्हायचे.

पण पिस्टनच्या इंजिनाची एक मूळची अडचण आहे. ते थांबलेलं असताना त्याच्यात काहीच ताकद नसते. आधी त्याला कुणीतरी फिरवावं लागतं. पूर्वी पुढून हँडल मारायचे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि हँडल सुटलं. गंमत बघा. त्या काळी तिकडे विजेवर चालणाऱ्या गाड्याही होत्या, आणि हँडल मारायला लागत नाही म्हणून लोक त्या पसंत करायचे. पेट्रोलच्या गाडीने एक छोटी विजेची मोटर उसनी घेतली आणि विजेच्या गाडीलाच बाजारातून बाहेर काढलं!

इंजिन सुरू झालं तरी ठरावीक फेऱ्यांच्या खाली ते बंद पडतं. म्हणून क्लच आणि म्हणून गिअर. खंबाटकी घाटात चढावर ट्रॅफिक थांबलाय, मागे ट्रक चिकटलाय, आणि हँडब्रेक सोडता सोडता हाफ क्लचवर गाडी उचलायची आहे. ज्यांनी ८०० वर गाडी शिकली, त्यांना हा घाम अजून आठवत असेल. ८०० चं जास्तीत जास्त पीळबळ ५९ न्यूटन मीटर, तेही अडीच हजार फेऱ्यांना.

विजेच्या मोटरचं उलट. ती पूर्ण थांबलेली असतानाच तिचं बळ सगळ्यात जास्त असतं. पंखा चालू करायला आपण त्याला आधी हाताने ढकलत नाही ना? टियागो ईव्हीच्या मोटरचं पीळबळ ११४ न्यूटन मीटर, म्हणजे ८०० च्या जवळजवळ दुप्पट, आणि ते पहिल्या क्षणापासून. क्लच नाही. बदलायचे गिअरही नाहीत, एकच ठरलेलं गुणोत्तर. चढावर पाय दाबला की गाडी निघाली.

उतारावर आणखी एक गोष्ट होते. मोटर उलटी चालवली की ती जनित्र होते. खोपोली आणि लोणावळा यांच्या उंचीत साधारण अर्ध्या किलोमीटरचा फरक आहे. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला जास्तीचे सुमारे दोन युनिट लागतात. ८०० असो की दुसरी कुठली पेट्रोल गाडी, उतरताना हे सगळं ब्रेकच्या उष्णतेत जातं. इलेक्ट्रिक गाडीत त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. मुंबईच्या नव्या लोकलगाड्याही ब्रेक लावताना वीज वरच्या तारेत परत देतात, तसंच हे.

टाकी आणि बॅटरी

आता या व्याख्यानातला आम्हाला सगळ्यात आवडलेला हिशेब.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. ८०० ची टाकी २८ लिटरची, म्हणजे अडीचशे युनिट. आणि त्या पेट्रोलचं वजन फक्त एकवीस किलो. टियागो ईव्हीची बॅटरी २४ युनिटची आणि तिचं वजन दीडशे किलोहून जास्त.

म्हणजे काय? ती एवढी थोरली बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात पावणेतीन लिटर पेट्रोलइतकीच ऊर्जा असते. पावणेतीन लिटर! ८०० मध्ये एवढ्यात आपण पन्नास किलोमीटर गेलो असतो. पण ही गाडी तेवढ्यात दोनशे किलोमीटर जाते. गाडी आली तेव्हा कंपनीचा चाचणीतला आकडा ३१५ होता. पण चाचणी वेगळी आणि आपला रस्ता, एसी, घाट वेगळा. म्हणून आम्ही दोनशेच धरतो.

हा चौपट फरक कुठून आला? पेट्रोल इंजिन शंभर रुपयांचं पेट्रोल पितं, त्यातले वीस-पंचवीस रुपये चाकापर्यंत पोहोचतात. बाकीचे रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून, तापलेल्या बॉनेटमधून हवेत. गाडी चालवून आल्यावर मांजर बॉनेटवर का जाऊन बसतं? आपल्या पैशांची ऊब घ्यायला! मोटरच्या बाबतीत बॅटरीतल्या शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी चाकापर्यंत जातात.

पैशांत मांडू. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू, वीज दहा रुपये युनिट. आकडे सोपे घेतलेत, तुमचं बिल बघून बदला. ८०० लिटरला अठरा किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला साडेपाच रुपये. इलेक्ट्रिक गाडीला, चार्जिंगमधली गळती धरून, किलोमीटरमागे ०.१४ युनिट, म्हणजे एक रुपया चाळीस पैसे. किलोमीटरला चार रुपयांहून थोडी जास्तच बचत.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण हिशेब अर्धाच झालाय.

उष्णता गेली कुठे?

वीज आकाशातून पडत नाही. महाराष्ट्रात ती चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशा औष्णिक केंद्रांतून येते, कोयनेतून येते, हल्ली सौर आणि पवनातूनही येते. पण देशात अजून सगळ्यात मोठा वाटा कोळशाचा. आणि कोळशाच्या केंद्रातही शंभरातले पस्तीसच्या आसपासच विजेत उतरतात. म्हणजे बॉनेटखाली वाया जाणारी उष्णता नाहीशी झाली नाही, ती चंद्रपूरला गेली.

धुराचं बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अठराने भागा, ८०० चे किलोमीटरला १२८ ग्रॅम. तेल काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचं धरलं तर दीडशेच्या आसपास. आता वीज. देशाच्या सरासरीने एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो. ०.१४ ने गुणलं की शंभर ग्रॅम. तारांमधली गळती धरली की ११५ ते १२०.

दीडशे आणि एकशेवीस. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. असं का? कारण समोर कोण आहे ते बघा. ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो. टियागो ईव्ही हजार किलोच्या वर. हलकेपणा हीच त्या छोट्या गाडीची खरी हुशारी होती. चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्रज्ञान आजच्या गाडीच्या जवळपास टिकतं ते निव्वळ वजनाच्या जोरावर.

मात्र हे वजन कशामुळे कमी होतं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पातळ पत्रा, एअरबॅग नाही, एबीएस नाही. आपल्याकडे एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग २०१९ साली सक्तीची झाली. आजच्या गाडीतलं काही वजन बॅटरीचं आहे, तर काही आपल्या आणि शेजारी बसणाऱ्याच्या जिवाचं आहे. ८०० च्या प्रेमात पडताना हे विसरू नये.

आणखी दोन गोष्टी. पहिली, कार्बन डायऑक्साइड हा एकटाच धूर नाही. ८०० आली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते देशभरातून गेलं २००० साली. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर महानगरांतल्या नव्या गाड्यांना १९९५ पासून लागला. त्याआधीची कार्ब्युरेटरवाली गाडी सिग्नलला उभी राहून जो कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल सोडते, ते शेजारी दुचाकीवर बसलेल्या बाईच्या आणि तिच्या पुढ्यातल्या लेकराच्या छातीत जातं. इलेक्ट्रिक गाडी ते सोडत नाही. पुण्या-मुंबईच्या चौकात हा फरक फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट त्याच नाण्याची मागची बाजू. पुण्याच्या चौकातली हवा सुधारली आणि चंद्रपूरच्या माणसाने राख खाल्ली, तर याला स्वच्छ गाडी म्हणायचं का? आमचं म्हणणं, इलेक्ट्रिक गाडीचं काम गाडी विकत घेतल्यावर संपत नाही. वीज कुठून येते हे विचारणंही त्यात आलं. छतावर सौर पॅनल असेल आणि गाडी दिवसा घरी उभी असेल तर तेव्हा चार्ज करा. पेट्रोलची गाडी जुनी होत जाते तशी जास्त धूर सोडते. इलेक्ट्रिक गाडी मात्र, वीज स्वच्छ होत गेली तर, दारात उभ्या उभ्या स्वच्छ होत जाते. हा तिचा खरा फायदा आहे, आणि तो आपोआप मिळणारा नाही.

मग जुनी गाडी भंगारात घालायची का?

आमच्या मित्राचंच उदाहरण घेऊ. त्याची ८०० वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते. मंडई, दवाखाना, कधीतरी लग्नकार्य. ती विकून साडेआठ लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेतली तर इंधनात वर्षाला वाचणार आठ-साडेआठ हजार रुपये. तेवढे पैसे बँकेत ठेवले तर व्याज याच्या कितीतरी पट येईल. शिवाय नवी बॅटरी बनवतानाही धूर होतो. तो दोन टन धरला आणि किलोमीटरला तीस ग्रॅमची बचत धरली, तर तो फिटायला सहासष्ट हजार किलोमीटर लागतील. वर्षाला दोन हजारांच्या वेगाने तेहतीस वर्षं!

अशा माणसाने काय करावं? गाडी नीट ट्यून ठेवावी, पीयूसी मनापासून काढावी, पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर वेळेवर भरावा, आणि कमी चालवावी. गर्दीच्या रस्त्यावर, लहान मुलांना घेऊन, रोजच्या वापरासाठी मात्र ती नको.

आता दुसरं घर. रोज पन्नास किलोमीटर जाणं-येणं, वर्षाला पंधरा हजार. त्यांना नवी गाडी घ्यायचीच आहे. पेट्रोलची छोटी गाडी की इलेक्ट्रिक? इलेक्ट्रिक गाडी तीन लाखांनी महाग पडते असं धरा. इंधनात वर्षाला साठ हजारांच्या आसपास वाचतात. पाच वर्षांत फरक फिटला. बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. इथे उत्तर स्पष्ट आहे, पण एका अटीवर : रात्री गाडी जिथे उभी राहते, तिथे वीज हवी.

आणि ही अट साधी नाही. आमच्यातल्या एकाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये साधा पंधरा अँपियरचा प्लग बसवायला आठ महिने लागले. तीन मीटिंगा झाल्या. 'आग लागली तर?', 'तुमच्या विजेचं बिल आम्ही का भरायचं?' विचारणाऱ्यांचं चुकलं असंही नाही. वेगळा मीटर, नीट अर्थिंग, योग्य जाडीची वायर आणि एमसीबी, एवढं असेल तर हे एका गीझर-एसीइतकंच काम आहे. पण ते लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी रात्रभर चार्ज करायची नाही म्हणजे नाही. घरच्या प्लगवर आठ-नऊ तास लागतात, एवढा वेळ पूर्ण भार वाहणारी वायर कच्ची असून चालत नाही.

ज्यांची गाडी रस्त्यावर उभी असते, चाळीत किंवा जुन्या वाड्यात घर आहे, त्यांच्यासाठी आज ही गाडी जवळपास नाहीच. ८०० ला पार्किंग लागत नव्हतं असं नाही, पण पेट्रोल भरायला स्वतःची जागा लागत नव्हती. छोटी गाडी सगळ्यांची व्हायची असेल तर सार्वजनिक चार्जिंग गल्लीपर्यंत यायला हवं.

श्रोत्यांचे प्रश्न

*पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं. इलेक्ट्रिक गाडीचा शॉक बसेल का?*

बॅटरी आणि मोटर बंदिस्त असतात. टियागो ईव्हीत त्यांना आयपी ६७ हा दर्जा आहे. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून चाचणी होते. गडबड जाणवली तर गाडी स्वतः मोठ्या बॅटरीचं कनेक्शन तोडते. उलट पेट्रोल इंजिनाने हवेच्या नळीतून पाणी ओढलं तर पिस्टनचे दांडे वाकतात. तरीही तुंबलेल्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नका. खाली उघडं गटार आहे की नाही, हे दोघींनाही दिसत नाही.

*बॅटरी संपली, म्हणजे जुनी झाली, की काय?*

ती एका दिवसात मरत नाही. हळूहळू क्षमता कमी होते, दोनशेच्या ठिकाणी दीडशे किलोमीटर जायला लागते. या गाडीतली बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. त्यात कोबाल्ट-निकेल नसतं आणि ती तापायला तुलनेने शांत असते. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०२२ साली आपल्याकडे आले आहेत. ते कागदावर राहू नयेत, हे बघणं आपल्या हातात आहे.

*(मागच्या रांगेतून, मेस्त्री) सर, माझ्या प्रश्नाचं काय?*

त्यासाठीच थांबलो होतो, मेस्त्री.

तुमचं निम्मं काम जाणार, हे आम्ही लपवणार नाही. ऑइल बदलणं, प्लग, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर, यातलं काहीच तिथे नाही. ब्रेकसुद्धा कमी झिजतात, कारण मोटरच गाडी आवळते.

पण उरतं तेही कमी नाही. गाडी जड, म्हणून टायर, सस्पेन्शन, बेअरिंग यांची कामं येणारच. स्टिअरिंग, एसी, कूलंट, डेंटिंग-पेंटिंग आहे. आणि एक गंमत, इलेक्ट्रिक गाडीतही साधी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. मालक घाबरून फोन करतो तेव्हा तुमच्याइतकं चटकन हे कुणाला सुचणार?

शिकायचं काय, तर दोन गोष्टी. एक, मोठ्या दाबाची वीज. नारिंगी रंगाची वायर दिसली की हात मागे. तिथे काही शे व्होल्ट डीसी असतो आणि तो चूक माफ करत नाही. आधी रबरी हातमोजे घालायचे, सर्व्हिस प्लग काढायचा, ठरावीक वेळ थांबायचं, मीटर लावून शून्य बघायचं, मगच पुढे. हे बघून-बघून शिकायचं काम नाही, रीतसर प्रशिक्षण घ्यायचं. दोन, स्कॅनर वाचणं. तुम्ही म्हणाल, ते आपलं काम नाही. पण २००० च्या आसपास ८०० मध्येच एमपीएफआय आलं, कार्ब्युरेटर गेला, तेव्हाही गॅरेजवाले म्हणाले होते, 'आता संपलं'. तुम्ही शिकलातच ना?

एक गोष्ट मात्र तुमच्या एकट्याच्या हातात नाही. स्कॅनर वाचता आला तरी कंपनीने गाडीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसाला उघडूच दिलं नाही, सुटा भाग विकलाच नाही, तर मेस्त्रीच्या कौशल्याचा उपयोग काय? ८०० गावोगाव पोहोचली ती फक्त स्वस्त होती म्हणून नाही. कुठल्याही एसटी स्टँडच्या मागे ती दुरुस्त होत होती म्हणून पोहोचली. इलेक्ट्रिक गाडीला लोकांची गाडी व्हायचं असेल तर तिचं झाकणही लोकांना उघडता आलं पाहिजे. ही मागणी गिऱ्हाईक म्हणून आपण सगळ्यांनी करायची आहे.

तेव्हा मेस्त्री, ही गाडी तुमच्या हाताखाली येईल. थोडी तुम्ही शिकल्यामुळे येईल, थोडी आम्ही गिऱ्हाइकांनी हट्ट धरल्यामुळे येईल. तंत्रनिकेतनातल्या आमच्या प्रयोगशाळेचं दार तुमच्यासाठी उघडं आहे. येताना हा कार्ब्युरेटर मात्र परत आणा. आमच्या पोरांना तो उघडून दाखवणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही.